दुधाचा रास्त भाव आणि गावचा दुकानदार



हिंगणघाट म्हटले की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण कापसातून नुसता धागा निघत नाही, सरकीही निघते. सरकीची ढेप दावणीत जाते आणि तिचेच पुढे दूध होते. तेव्हा कापूस आणि दूध ही तशी एकाच घरची मंडळी. फरक एवढाच की, बाजार समितीत कापसाचा भाव चारचौघांत बोली लावून ठरतो आणि काटाही सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. चहावाल्याला किंवा हलवायाला घातलेल्या दुधाचा भाव मात्र दुकानाच्या पायरीवर दोन माणसांत ठरतो, आणि त्यात एकाला घाई असते. कापूस महिनाभर घरात ठेवता येतो, दूध दुपारपर्यंतही थांबत नाही. दूधवाल्याची बाजू लंगडी पडते ती इथेच.

मग रास्त भाव म्हणजे किती? साधा हिशेब करू. समजा, एका गाईच्या ढेप, कुटार, कडबा आणि औषधपाण्यावर रोज १५० रुपये खर्च येतो आणि ती रोज सरासरी ८ लिटर दूध देते. आपण म्हणतो, लिटरला १८ रुपये ७५ पैसे खर्च आला. पण थांबा, गाय बारमाही दूध देत नाही. एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत ४०० दिवस धरले, तर त्यांतले ३०० दिवस दुधाचे आणि १०० दिवस भाकड. खायला मात्र चारशेही दिवस लागते. म्हणजे खर्च ६०,००० रुपये, दूध २,४०० लिटर आणि लिटरला पडले २५ रुपये. यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही, गाईची किंमतही नाही. आकडे आपापल्या गोठ्यातले घाला, पण भाकड दिवस सोडू नका. भाव दुधाच्या दिवसांचा नसतो, सबंध वेताचा असतो.

यावर दुकानदार म्हणेल, “साहेब, मी भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल.” ही भीती खरी आहे. पण तीही मोजून पाहावी. एका कप चहाला ५० मिलिलिटर दूध लागते असे धरले, तर लिटरात २० कप होतात. दूधवाल्याला लिटरमागे २ रुपये जास्त दिले, तर कपामागे बोजा पडतो १० पैशांचा. इकडे रोज ८ लिटर घालणाऱ्याच्या घरात महिन्याला ४८० रुपये जास्त येतात. कपाच्या किमतीत जे जाणवतही नाही, ते गोठ्यात चांगलेच जाणवते.

आणि पैशाइतकीच मोलाची अशी आणखी तीन कामे आहेत, ज्यांना फारसा खर्च येत नाही.

पहिले, माप आणि तपासणी उघड हवी. पुष्कळ ठिकाणी नुसते दुग्धमापक यंत्र बुडवून निकाल देतात. ते यंत्र फक्त दाटपणा दाखवते. दूध कोमट असले तर ते जास्त बुडते. फॅट जास्त असले तरीही बुडते, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. अशा वेळी प्रामाणिक माणसावरही पाणी घातल्याचा आळ येतो. म्हणून फॅट वेगळी तपासावी आणि आकडा त्याच्या वहीत लिहून द्यावा. अर्थात, दूधवाल्यानेही पाण्याला हात लावू नये. विश्वास हा दोन्ही हातांनी उचलायचा असतो.

दुसरे, चुकारा ठरल्या वाराला द्यावा. ढेपवाला उधारीवर व्याज लावतो, दुधाच्या थकलेल्या पैशाला मात्र व्याज नसते.

तिसरे, हिवाळ्याच्या पुष्टकाळात भाव पाडायचा आणि उन्हाळ्याच्या कृशकाळात दूधवाल्याच्या मागे धावायचे, हे सोडून द्यावे. वर्षभराचा एक करार करावा. थंडीत दूध नाकारायचे नाही आणि उन्हाळ्यात ते दुसरीकडे न्यायचे नाही. यात दोघांचेही भले आहे.

तुम्ही विचाराल, हे काम सरकारचे नाही काय? सरकार आपल्या परीने करते. जुलै २०१८ मध्ये राज्यात दूध आंदोलन झाले आणि लिटरला २५ रुपयांचा भाव जाहीर झाला. पुढे २०२४ मध्ये ५ रुपयांचे अनुदानही आले. पण ते दूध प्रकल्पांना घातलेल्या दुधावर होते. टपरीवर किंवा पेढ्याच्या भट्टीवर जाणाऱ्या दुधाला ते लागू नव्हते. तिथे दुकानदाराची नीती हाच कायदा.

आपल्या जिल्ह्याला हा विचार नवा नाही. जमनालालजी बजाज यांनी १९४१ मध्ये गोसेवेचे काम अंगावर घेतले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये देह ठेवीपर्यंत ते वर्ध्याजवळच्या गोपुरीत त्याच कामात होते. त्याच परंपरेतले वर्ध्याचे गोरस भांडार. खेड्यातल्या गाईचे दूध शहराच्या घरात पोचवायचे आणि मधली साखळी आखूड ठेवायची, ही त्यामागची दृष्टी. गुजरातेत १९४६ मध्ये खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी भावासाठी १५ दिवस दूध रोखले आणि आपला संघ काढला. तोच पुढे अमूल झाला. दूर फ्रान्समध्येही २०१६ साली ग्राहकांनी स्वतः मते देऊन दुधाची किंमत ठरवली. लिटरला ९९ सेंट, पैकी ३९ सेंट शेतकऱ्याचे, आणि दुकानांनी ते दूध तसे विकायला ठेवले. गिऱ्हाईकाला नीट सांगितले तर ते पळत नाही, हे यावरून दिसते.

म्हणून दुकानदार बंधूंना एवढीच विनंती आहे : दुकानात एक पाटी लावा. दूध कोणत्या गावचे, घेतले काय भावाने, विकतो काय भावाने, हे त्यावर लिहा. लपवण्यासारखे काही नसेल, तर पाटी हीच तुमची जाहिरात होईल.

आणि शिक्षक मित्रांनो, सातवीच्या गणितात नळ आणि हौदाची उदाहरणे पुष्कळ झाली. एखाद्या आठवड्यात मुलांना घरच्या गाईचा हिशेब मांडायला लावा. खर्च किती, दूध किती, भाकड दिवस किती, लिटरला पडले काय आणि मिळाले काय. ज्या घरी गाय नाही, त्या मुलाने चहाच्या दुकानाचा हिशेब आणावा. मग दोन्ही वह्या एकाच बाकावर शेजारी ठेवा. रास्त भाव कशाला म्हणतात, हे मुलांना निराळे सांगावे लागणार नाही. संध्याकाळी ती घरी सांगतील, ते मोठ्यांनीही ऐकावे.