पडसाद बदलताना ‘टक्’ नको

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कडा १७० मीटरवर असेल, तर आपली हाक सेकंदाने परत येते. असाच पडसाद ओवीला संगणकावर देता येतो. मिलर पकेट यांनी १९९०च्या दशकात केलेलं ‘प्युअर डेटा’ त्यासाठी फुकट मिळतं. पडद्यावर चौकटी मांडायच्या, रेघांनी जोडायच्या.

पण ओवी चालू असताना पडसादाचा वेळ ३०० मिलिसेकंदांवरून एकदम ६०० केला, की ‘टक्’ वाजतं. संगणक साठवलेल्या आवाजात मागे उडी मारतो ना! आजीची ओवी पुन्हा तशी मिळेलच असं नाही. त्यात हे ‘टक्’ कशाला?

मग ‘लाइन’ चौकटीला सांगायचं, एका सेकंदात सावकाश ६०० वर जा. आवाज वाचायला ‘व्हीडी’ चौकट घ्यायची. साध्या ‘डेलरीड’ला असं सरकता येत नाही. मात्र सरकताना पडसादाचा सूर उतरतो. नाटुकलीत भुताला ते शोभेल, ओवीत मला खटकतं.

ओवीसाठी दोन ‘डेलरीड’ ठेवा, एक ३०० वर, दुसरी ६०० वर. पहिलीचा आवाज हळूहळू कमी, दुसरीचा तसाच वाढवत न्या. सूर जागचा हलत नाही. हेडफोन लावून तपासा, बारीकसं ‘टक्’सुद्धा ऐकू येतं.