गोठ्यांतला आणि उसांतला नत्र

प्रवरेवर भंडारदऱ्यास बांधलेलें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडील कोरड्या मुलखांत पाट खेळूं लागले. राहुरी तालुक्यांतील देवळाली प्रवरा हें याच पाण्यावर वाढलेलें गांव. बाजरीच्या या पट्ट्यांत ऊंस आला, उसामागून साखरेचे कारखाने आले आणि त्यांच्याहि मागून संकरित गाई आल्या. आज या शिवारांतून फिरणाऱ्या पाहुण्यास एका बाजूस ऊंस, दुसऱ्या बाजूस घासाचे नाहींतर मक्याचे वाफे, आणि वस्तीवर दावणीला बांधलेल्या काळ्यापांढऱ्या गाई असा देखावा दिसतो. ऊंस तुटून गेला, दूध संकलन केंद्रावर गेलें, कीं घरांत पैसा येतो, एवढा हिशेब सर्वांस ठाऊक आहे. परंतु याच शिवारांतून आणखी एक माल रात्रंदिवस बाहेर जात असतो. त्याचें वजन होत नाहीं, त्याची पावती मिळत नाहीं. आणि शेतकऱ्यानें तो बहुधा पैसे मोजूनच आणलेला असतो. हा माल म्हणजे नत्र.

नत्राला हवेंत तोटा नाहीं; वातावरणाचा शेंकडा ७८ भाग तोच आहे. पण तेथें त्याचे कण जोडीजोडीनें असे घट्ट बांधलेले असतात कीं, पिकास त्यांचा घांस घेतां येत नाहीं. द्विदल पिकांच्या मुळांवर वस्ती करणारे सूक्ष्म जीव ती जोडी फोडतात. हरभऱ्याचा किंवा तागाचा बेवड चांगला, हें ज्ञान आपल्याकडील शेतकऱ्यास कोणत्याहि प्रयोगशाळेच्या आधींपासून होतें. फ्रित्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञानें तीच किमया १९०९ सालीं यंत्रांत करून दाखविली, कार्ल बॉशच्या देखरेखीखालीं १९१३ सालीं तिचा कारखाना चालूं झाला, आणि युरियाची गोणी ही त्याच विद्येची संतति होय. ही विद्या फुकट चालत नाहीं. तिला प्रचंड दाब, उष्णता आणि बहुतेक ठिकाणीं नैसर्गिक वायु लागतो. तेव्हां शेतांतून नत्र निसटला कीं, त्याच्याबरोबर इंधनहि वायां गेलें असें समजावें.

आधीं गोठ्याचा हिशेब घ्यावा. दिवसास बारा लिटर दूध देणारी एक संकरित गाय धरा. वैरण, मुरघास आणि पेंड मिळून तिच्या पोटांत रोज तीनशें ग्रॅमच्या आसपास नत्र जातो. दुधांत प्रथिनें शेंकडा तीन-सव्वातीन असतात; त्यांतला नत्र काढला तर बारा लिटरांतून साठ ग्रॅम बाहेर पडतो. म्हणजे पांचांतला एक भाग दुधाच्या किटलींत गेला आणि चार भाग गाईच्या मागें पडले. वर्षाचा मेळ घातला आणि आटलेले दिवस हिशेबांत धरले, तरी एका गाईमागें सत्तर-पंचाहत्तर किलो नत्र शेणामुतांत येतो. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत शेंकडा ४६ प्रमाणें २०.७ किलो नत्र असतो. दावणीला उभी असलेली प्रत्येक दुभती गाय अशा रीतीनें वर्षाकाठीं साडेतीन गोण्यांचा ऐवज टाकते. चार गाईंच्या धन्यानें युरियासाठीं दुकानापुढें रांगेंत उभें राहावें, हें या हिशेबानें पाहिलें तर चमत्कारिकच आहे.

पण या ऐवजाचा निम्मा किंवा त्याहूनहि अधिक भाग मुतांत असतो, आणि खरी गोम तेथेंच आहे. मुतांतला नत्र बहुतांशीं युरियाच्याच रूपांत असतो. गोणींतला युरिया व गाईच्या मुतांतला युरिया यांत रसायनशास्त्र कांहीं भेद करीत नाहीं. शेणांत एक पाचक द्रव्य असतें. मूत शेणांत कालवलें गेलें कीं, तें द्रव्य कांहीं तासांतच युरियाचा अमोनिया करूं लागतें. पहांटे गोठ्यांत पाऊल टाकतांच नाकास झोंबतें आणि डोळ्यांस पाणी येतें, ती खताची वाफ होय. आपल्याकडे शेणाचें कौतुक पुष्कळ आहे; मुताचें मात्र देव्हाऱ्यापुरतेंच. शेण पाटींत भरून उकिरड्यावर जातें, मूत फरशीवरून नालींत, आणि नालींतून वाट फुटेल तिकडे. धनगराचा कळप रात्रीं शेतांत बसविण्याची चाल या बाबतींत अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे. तेथें लेंड्यांइतकेंच मूतहि थेट मातीला मिळतें.

सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदुरास कंपोस्टाची जी पद्धति बसविली, तींत ढिगाच्या उंचीरुंदीपेक्षां महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. त्यांनीं बैलांच्या पायांखालीं कोरडी माती पसरली, ती मुतानें भिजली कीं खरवडून काढली, आणि पालापाचोळा व शेण यांच्या थरांवर भुरभुरली. मूत मातींत मुरलें म्हणजे अमोनिया सहजासहजीं उडत नाहीं. मातीचे कण त्याला धरून ठेवतात. नगर जिल्ह्यांत अलीकडे मुक्तसंचार गोठ्याचा जो प्रसार झाला आहे, त्याचा एक फायदा लोकांच्या नजरेस फारसा येत नाहीं. गाई मोकळ्या मातीवर बसतात, आणि ती माती कोरडी राखून वेळच्या वेळीं उचलली तर हॉवर्ड यांची युक्ति आपोआप साधते. तिचा चिखल होऊं दिला तर कांहींच साधत नाहीं. फरशीच्या गोठ्यांत बेताचा उतार, मुताची निराळी नाली आणि झांकण असलेली टांकी एवढें केलें तरी पुरे. तें मूत पाण्यांत मिसळून सरींत सोडतां येतें. गोबर वायूच्या रबडीचेंहि असेंच आहे. तिच्यांतला पुष्कळसा नत्र अमोनियाच्या रूपांत असतो. उघड्या खड्ड्यांत उन्हानें वाळलेली रबडी बरीच सत्त्वहीन झालेली असते.

युरियाची गोणी बंद करून शेणखताकडे वळलें कीं सारें ठीक होईल, असें सांगणारा एक पंथ सध्यां जोरांत आहे. त्यांची सदिच्छा मान्य करूनहि म्हणावें लागतें कीं, नत्राला पंथ नाहीं. गोठ्यांतून आला म्हणून तो विहिरींत उतरावयाचा राहत नाहीं. युरोपीय संघानें १९९१ च्या नायट्रेट निर्देशानें, धोक्याच्या ठरविलेल्या प्रदेशांत हेक्टरीं १७० किलोंहून अधिक नत्र जनावरांच्या खतांतून देऊं नये असा दंडक घातला. हॉलंडमध्यें तर पातळ शेण पृष्ठभागावर न फेंकतां जमिनींत घालण्याची सक्ति झाली. आतां दोन एकर जमीन आणि दहा गाई असलेलें एखादें कुटुंब कल्पावें. वर सांगितलेल्या हिशेबानें त्यांच्या गोठ्यांत वर्षाला सातशें किलोंवर नत्र सांचतो. त्या दंडकानें त्या दोन एकरांत मावेल तो जेमतेम एकशेंचाळीस. उरलेला कोठून आला? पेंडींतून आणि विकतच्या चाऱ्यांतून, ट्रकमध्यें बसून आला. तो शेजाऱ्याच्या शेतांत गेला पाहिजे, किंवा मुळांत गव्हाणींत कमी पडला पाहिजे. गरजेपेक्षां जास्त प्रथिनें चारलीं तर दूध त्या मानानें वाढत नाहीं. वाढतो तो मुतांतला युरिया.

आतां उसाकडे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची शिफारस आडसाली उसास हेक्टरीं ४०० किलो, पूर्वहंगामीस ३४० आणि सुरूस २५० किलो नत्र अशी आहे. आडसालीचा हिशेब एकरीं जवळजवळ आठ गोण्या युरिया इतका होतो. ही मात्रा एकदम द्यावयाची नसून चार हप्त्यांनीं द्यावयाची असते: लागणीच्या वेळीं दहावा हिस्सा, सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनीं पुन्हां दहावा हिस्सा, आणि बांधणीच्या वेळीं उरलेले चाळीस. पीक लहान असतांना त्याचें तोंडहि लहान असतें, हें त्यामागचें साधें कारण. प्रत्यक्षांत हप्ते कमी होतात आणि मूठ सैल पडते. येथील काळी जमीन चुनखडीची. तिच्यावर युरिया नुसता फोंकला आणि दोन दिवस उन्हांत राहिला तर त्याचा अमोनिया होऊन उडतो. लगोलग तुडुंब पाणी भरलें तर तो मुळांच्या खालीं धुपून जातो. आणि सखल, चिबड जमिनींत पाणी सांचून राहिलें तर सूक्ष्म जीव नायट्रेटचा पुन्हां वायु करतात. त्यांतला नायट्रस ऑक्साइड हा वातावरण तापविण्यांत वजनास वजन कर्बवायूच्या २७३ पट भारी. पिकाच्या वांट्यास घातलेल्यापैकीं निम्म्याहून कमीच नत्र येतो.

यावर खोडव्यासाठीं विद्यापीठानें सुचविलेली एक रीत फार नामी आहे. पाचट जाळावयाचें नाहीं, सरींत तसेंच ठेवावयाचें. आणि पहारीनें उसाच्या बुडख्यापासून थोड्या अंतरावर वीतभर खोल भोंक पाडून त्यांत खत घालून तें मातीनें बुजवावयाचें. पहिली मात्रा पंधरा दिवसांच्या आंत, दुसरी १३५ दिवसांनीं. खत मातीच्या पोटांत गेलें कीं उडत नाहीं, आणि पाण्याबरोबर वाहतहि नाहीं. ठिबकवर युरिया थोडा-थोडा सोडणें हा याच विचाराचा खर्चिक अवतार. २०१५ पासून युरियावर निंबोळीच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यानेंहि नायट्रेट होण्याचा वेग थोडा मंदावतो. पण फोंकून दिलेल्या युरियास त्या लेपाचा आधार फारसा पुरत नाहीं.

मग हें सर्वत्र कां होत नाहीं? शेतकरी अडाणी आहे, असें उत्तर शहरांतल्या दिवाणखान्यांत सोपें वाटतें. तें खरें नाहीं. सरकारनें युरियाच्या गोणीची किंमत, लेप व कर वगळून, २४२ रुपये ठरवून दिली. पहार घेऊन एकरभर भोंकें पाडावयास लागणाऱ्या मजुरीपुढें ती कांहींच नव्हे. पाटाचें आवर्तन शेतकऱ्याच्या सोयीनें येत नाहीं. पाणी आलें त्या रात्रीं, पुढचें केव्हां येईल या धास्तीनें, तो रान तुडुंब भरून घेतो आणि खतहि त्याच वेळीं टाकून मोकळा होतो. स्वस्त गोणी, महाग मजूर आणि बेभरंवशाचें पाणी हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे चांगला शहाणा माणूसहि हेंच करील.

याचा शेवट विहिरींत होतो. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच असावें, असें भारतीय मानक सांगतें. केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासण्यांत नगर जिल्ह्यांतील कित्येक ठिकाणचें पाणी ही मर्यादा ओलांडलेलें आढळलें आहे. त्याला केवळ शेतीच नव्हे, तर शोषखड्डे व गांवचें सांडपाणीहि कारण होतें. असें पाणी दिसावयास निर्मळ आणि चवीला बरें असतें. सहा महिन्यांच्या आंतल्या वरच्या दुधावरील बाळाच्या पोटांत तें गेलें तर रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होऊन अंग निळसर पडूं शकतें. अमेरिकेंत आयोवा प्रांतांतील शेतघरांमधलीं अशीं बालकें हंटर कॉम्ली या डॉक्टरनें १९४५ सालीं प्रथम नोंदविलीं. आपल्या घरांतून पाणी उकळून देण्याची जी चांगली संवय आहे, ती येथें उपयोगी पडत नाहीं. उकळल्यानें जंतु मरतात; नायट्रेट जात नाहीं, उलट पाणी आटून तें किंचित् दाटच होतें. पाण्याचा नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेंत देऊन नायट्रेटची तपासणी मागून घ्यावी, आणि ती पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां अशी दोनदां करावी. जमिनीच्या पोटांत उतरलेला नत्र तेथें पुष्कळ वर्षें राहतो. देवळालीच्या एखाद्या मळ्यांत यंदापासून पहार चालूं झाली, गोठ्याला टांकी बसली, तरी त्या मळ्याच्या विहिरीचें पाणी पुढल्याच उन्हाळ्यांत निवळेल असें नाहीं. तोंवर तान्ह्या बाळाचें पाणी तपासलेल्या दुसऱ्या ठिकाणाहूनच आणावें.