विकीवरील संगणक-मार्गदर्शिका आणि लेखनाची शिस्त



संगणकाची आज्ञावली कशी वापरावी हे सांगणारी पुस्तिका पूर्वी आज्ञावलीसोबतच छापून येत असे. आज अशा मार्गदर्शनाचा मोठा भाग ‘विकी’ पद्धतीने लिहिला जातो. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९९५ साली पहिला विकी सुरू केला. हवाई भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद; होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ बसगाडीवरून त्यांना हे नाव सुचले. जे पान वाचकालाच दुरुस्त करता येते, ते विकीचे पान. १ मे २००३ रोजी आरंभ झालेला मराठी विकिपीडियाही याच पद्धतीने चालतो.

ज्या लेखाला अनेक लेखक, त्याला नियमही हवेत. हे नियम म्हणजे केवळ टापटिपीचा सोस, असे पुष्कळांना वाटते. तो समज कसा चुकीचा आहे, हे ‘आर्च लिनक्स’ या संगणकप्रणालीच्या विकीवरून स्पष्ट होईल.

तेथील लेखांत आज्ञेच्या ओळीआधी एक चिन्ह असते. $ हे डॉलरचे चिन्ह असेल, तर ती आज्ञा सामान्य वापरकर्त्याने द्यावयाची. # हे चिन्ह असेल, तर ती सर्वाधिकार असलेल्या, म्हणजे ‘रूट’ वापरकर्त्याच्या नावाने द्यावयाची. सामान्य वापरकर्त्याची चूक बहुधा त्याच्या स्वतःच्या फायलींपुरती राहते. रूटच्या एका ओळीने सारी प्रणाली पुसली जाऊ शकते, आणि संगणक ‘खरोखर पुसू काय?’ असे विचारीलच याची शाश्वती नाही. म्हणून हे एवढेसे चिन्ह चुकता कामा नये. नवशिक्याने मात्र ते आज्ञेचा भाग समजून नकलून घेतले, तर गंमत होते. # ने आरंभ होणारी ओळ संगणक टिपण समजतो आणि काहीही न करता गप्प बसतो. आज्ञा दिली, तक्रार आली नाही, तेव्हा काम झाले असे मानून बिचारा पुढे जातो! यासाठीच या चिन्हांचा अर्थ एकदा तरी वाचकाला स्पष्ट सांगितला पाहिजे.

‘डीडी’ नावाची आज्ञा एका डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा दुसरीवर उतरविते. कोठून आणि कोठे, या दोन जागांची अदलाबदल झाली, तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होते आणि वर्षांचे काम नाहीसे होते. येथे इशारा आज्ञेच्या आधी हवा. नंतर दिलेला इशारा म्हणजे वाहून गेलेल्या गावाला दिलेली पुराची सूचना. आर्चच्या विकीवर सूचना, युक्ती आणि इशारा यांच्या चौकटी वेगळ्या आहेत. गंभीर हानीचा संभव असेल तेथेच इशारा द्यावा, असा तेथील दंडक आहे. प्रत्येक परिच्छेदावर इशारा लटकविणारा लेखक वाचकाला इशारे न वाचण्याची सवय लावतो.

मथळ्यांचा नियम थोडक्यात असा : पानाचे शीर्षक ही पहिली पायरी, म्हणून आतील मथळे दोन-दोन बरोबरच्या चिन्हांमध्ये, दुसऱ्या पायरीपासून लिहावेत.

सरकारी पत्रव्यवहारात मुरलेल्या मंडळींना ‘उपरोक्त’ आणि ‘वर नमूद केल्याप्रमाणे’ या शब्दांचा मोह आवरत नाही. विकीवर तो आवरावा. आज वर असलेला परिच्छेद उद्या कोणी खाली नेईल किंवा दुसऱ्या पानावर हलवील. त्याऐवजी त्या विभागाचे नाव घ्यावे. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘नवीन आवृत्तीत’ हे शब्दही असेच लवकर शिळे होतात. तेथे आवृत्तीचा क्रमांकच दिला पाहिजे.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. एकाच लेखात कोठे ‘फाइल’, कोठे ‘संचिका’, तर कोठे ‘धारिका’ आढळते, आणि वाचकाला या तीन निराळ्या वस्तू वाटतात. शुद्ध शब्द कोणता, हा वाद शिक्षकमंडळींनी अवश्य करावा. परंतु पडद्यावरील कळीवर ‘जतन करा’ असे असेल, तर लेखातही ‘जतन करा’ असेच असावे. ‘साठवा’ हा शब्द कितीही सोपा असला, तरी तो शोधणाऱ्याला पडद्यावर सापडणार नाही. तसेच ‘करा’ आणि ‘करावे’ यांपैकी एकच रूप आरंभापासून अखेरपर्यंत चालवावे.

छापील परिपत्रकातील चूक शुद्धिपत्राने दुरुस्त होते. विकीवर चूक तेथेच सुधारता येते आणि सामान्यतः जुना मजकूरही इतिहासात शिल्लक राहतो. त्यामुळे बदल करणाऱ्याने काय बदलले व का, हे एका ओळीत लिहून ठेवावे. मतभेद असल्यास त्याची जागा लेखात नसून लेखाच्या चर्चापानावर आहे; तेथे लेखकाने आपली सही करावी, लेखाखाली करू नये.