घरातला संगणक अडकतो तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या बऱ्याच गटांना स्वतःचं कार्यालय नाही. अर्ज, जबाब, केसची टिपणं कुणा एकीच्या घरच्या संगणकावर असतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचा अर्ज लिहिता लिहिता पडदा गोठतो, माउस हलत नाही. मग आपण मुलाला हाक मारतो, नाहीतर अख्खी पेटी दुकानात देऊन येतो. त्या पेटीत घर सोडून आलेल्या बाईचा आजचा पत्ता असतो. म्हणून हा प्रश्न मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही.

आधी एक फरक समजून घेऊ. हार्ड डिस्क म्हणजे फायलींचं कपाट. रॅम, म्हणजे मेमरी, हे समोरचं टेबल. वीज बंद झाली की टेबल रिकामं होतं, कपाटातलं तसंच राहतं.

रॅमची दुखणी दोन. पहिलं, ती अपुरी पडते. संगणक आधी मंदावतो, मग अडकतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरीचा आकडा शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर उघडे प्रोग्रॅम बंद करा. रोजच असं होत असेल तर रॅम वाढवावी लागेल. दुसरं, रॅम सदोष असते. मग एकच फाइल उघडी असतानाही संगणक अडकतो, निळा पडदा येतो, आपोआप बंद होऊन सुरू होतो. सदोष रॅममुळे साठवलेली फाइलही बिघडू शकते. म्हणून तपासणीपूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढा आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ नावाची तपासणी आधीपासून असते. शोधायच्या चौकटीत नाव लिहिलं की सापडते. अधिक कसून तपासायचं तर ‘मेमटेस्ट८६+’ हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. एक चूक दिसली तरी दुर्लक्ष करू नये.

मग पेटी उघडा. आधी प्लग काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, पेटीच्या धातूच्या भागाला हात लावा. अंगातली स्थिर वीज रॅमला मारक असते. कडेच्या खिट्ट्या उघडल्या की पट्टी निघते. सोनेरी कड मऊ खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका, खट्‌ आवाज येईपर्यंत पट्टी पुन्हा बसवा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. प्रत्येक खाचेत तीच पट्टी अडकत असेल तर पट्टी वाईट. कुठलीही पट्टी एकाच खाचेत अडकत असेल तर खाच वाईट. दोन्ही ठीक निघाल्या तर दोष उष्णतेत, हार्ड डिस्कमध्ये किंवा आणखी कुठे शोधावा लागेल.

आता माझा मुख्य मुद्दा. रॅम बदलायची तर पेटी दुकानात नेण्याची गरजच नाही. ती पट्टी पर्समध्ये घालून जा आणि तशीच मागा. डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. पट्टीवर कुणाचंही नाव, पत्ता राहिलेला नसतो. काही लॅपटॉपमध्ये मात्र रॅम कायमची जोडलेली असते. तिथे स्वतः समोर बसून काम करून घ्यावं, पासवर्ड लिहून देऊ नये.

हे काम पुरुषांचं, असं आपल्याला कुणी शिकवलं? १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानातल्या संगणकाची कायमस्वरूपी मेमरी अमेरिकेतल्या कारखान्यात कामगार स्त्रियांनी हातांनी विणली होती. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. ती जबाबदारी त्यांच्या बोटांवर होती.

बाई आपल्याकडे विश्वासाने बोलते. तिची गोष्ट कागदावर असो की यंत्रात, ती जपणं आपलंच काम आहे. पुढच्या बैठकीला एक जुना संगणक आणि एक पेचकस घेऊन या. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने पट्टी काढून बसवू या.