आपल्या विहिरीचं पाणी कुणी तपासायचं?

गटाच्या बैठकीत हल्ली एक मागणी सारखी येते, म्हणून आज तोच विषय घेतलाय. पाणी शुद्ध करायचं मशीन घ्यायला कर्ज हवं असतं. मशीन वाईट असं मी म्हणत नाही. पण आपल्या पाण्यात नेमकं काय आहे, हे कळल्याशिवाय कुठलं मशीन घ्यायचं ते कसं ठरवणार? दुखणं न विचारता कुणी गोळ्या आणतं का?

विकायला येणारा माणूस काय करतो, ते तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. दोन पेले मांडतो. एकात आपल्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हीत लोखंडी सळ्या सोडून वीज लावतो. आपलं पाणी तपकिरी होतं, वर गाळ येतो, आणि सासूबाईंपासून सगळे घाबरतात. अहो, तो गाळ पाण्यात नव्हताच! क्षार असलेल्या पाण्यातून वीज चांगली वाहते आणि सळईचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. मशीनच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून ते तसंच राहतं. पुढच्या वेळी त्याला सांगा, तुमच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग दाखवा.

नळयोजनेच्या पाण्याची थोडीफार काळजी ग्रामपंचायत घेते. जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, नमुने तपासणीला पाठवतो. पण मळ्यातली, वस्तीवरची आपली खासगी विहीर किंवा बोअर सहसा त्या यादीत नसते. तिच्याकडे आपणच बघायचं. "आजेसासऱ्यांपासून हेच पाणी पितोय," असं घरात म्हणतील. खरं आहे. पण आजेसासऱ्यांच्या काळी विहिरीजवळ शौचालयाचा खड्डा नव्हता, आणि उसाला युरियाची इतकी पोती पडत नव्हती.

पाण्यात बघायच्या मुख्य गोष्टी तीन. पहिली, जंतू. पावसाळ्यात उकिरड्याचं, शौचालयाचं पाणी झिरपून विहिरीत येतं, मग जुलाब, कावीळ, विषमज्वर. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी त्यात जंतू असू शकतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतूंचा बंदोबस्त होत नाही. पाणी चांगलं खळखळ उकळलं की मात्र ते मरतात.

दुसरी गोष्ट नायट्रेट, आणि इथे जरा कान देऊन ऐका. रासायनिक खत, शेणाचे ढीग आणि सांडपाणी यांतून ते जमिनीत उतरतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्यापुढे नाही. आणि हे उकळून जात नाही. उलट वाफ उडाली की राहिलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. आता विचार करा, लेक बाळंतपणाला माहेरी आलीय, बाळाला पावडरचं दूध सुरू आहे, आणि आजी मायेने पाणी दहा-दहा मिनिटं उकळतेय. नायट्रेट फार असलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, ओठ आणि नखं निळसर पडतात. असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे आशाताई सांगतात त्याला हेही एक कारण आहे.

तिसरी गोष्ट फ्लोराईड. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत याचा मोठा त्रास आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, मोठेपणी हाडं-सांधे आखडतात. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. उकळून हेही जात नाही. खोल बोअरला याची तपासणी करून घ्याच.

तपासणी कुठे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आणि उपविभागातही आहेत. खासगी नमुन्याचं शुल्क विचारून घ्या, मशीनच्या किमतीपुढे ते किरकोळ असतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणीच्या पेटीचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण, ते ग्रामपंचायतीत विचारा. पेटीने अंदाज येतो, पक्का आकडा प्रयोगशाळाच देते.

रासायनिक तपासणीचा नमुना उन्हाळ्यात द्या, जंतूंचा पावसाळ्याआधी आणि नंतर. रासायनिक नमुन्याला नवा प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा. जंतूंची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणायची. ती विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, आणि गळ्याशी थोडी जागा मोकळी ठेवायची. मोटार पाच मिनिटं चालू देऊन मग भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.

विहीर भावकीत असली की खरी अडचण येते. "आमच्या विहिरीला नाव ठेवता का?" असं जाऊबाई विचारतात. म्हणून चोरून नमुना घेऊ नका. दोन्ही घरच्या बायकांनी मिळून बाटली भरा, चिठ्ठीवर दोघींची नावं लिहा. पाणी खराब निघालं तर खर्चही दोन्ही घरांना करायचाय.

जंतू निघाले तर जलसुरक्षकाला बोलवा. पाण्याच्या मापाने टीसीएल प्लास्टिकच्या बादलीत कालवून, वरची निवळ तेवढी विहिरीत सोडायची, चुनकट साका टाकून द्यायचा, आणि तासभर पाणी उपसायचं नाही. उकिरडाही हलवावाच लागेल, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच. नायट्रेट किंवा फ्लोराईड जास्त निघालं तर पिण्या-रांधण्यापुरतं दुसरीकडचं चांगलं पाणी आणा, किंवा मग आरओ मशीन. नुसत्या यूव्ही दिव्याच्या मशीनने ही दोन्ही जात नाहीत. कर्जाचा अर्ज तेव्हा द्या आणि अहवालाची झेरॉक्स सोबत जोडा. गटात आम्ही तो आकडा बघूनच बोलू.

आणि हो, नमुने एकेकटीने नेऊ नका. चार-पाच विहिरींचे एकदम नेले की गाडीभाडं वाटून जातं. शनिवारी भरू नका, रविवारी प्रयोगशाळा बंद असते.