चौकातील अंतर आणि नागरिक कर्तव्य



राष्ट्रभक्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सीमेवरचा जवान उभा राहतो, हुतात्म्यांची स्मारके उभी राहतात. चौकातला लाल दिवा सहसा आठवत नाही. परंतु समाजाच्या अनुशासनाची रोजची परीक्षा तेथेच होत असते.

पुण्याचे स्वारगेट असो की नागपूरचा व्हरायटी चौक, दिवा लाल झाला की दृश्य तेच. पहिली मोटार थांबरेषा ओलांडून पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर उभी. तिच्या मागे वीतभर अंतरावर दुसरी, दुसरीला जवळपास टेकून तिसरी. उरलेल्या फटींत दुचाक्या आणि रिक्षा. इतक्यात मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो. वाट द्यावी असे प्रत्येकाला मनापासून वाटते, कारण आपला समाज निर्दय नाही. पण पुढच्या गाडीला नाक लावून उभ्या असलेल्या मोटारीला चाक वळवायलाही जागा नसते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा, अशी तरतूद त्यात आहे. पण कायदा त्या क्षणी जागा निर्माण करू शकत नाही. ती गाडी उभी करतानाच सोडलेली असावी लागते.

किती सोडावी? वाहनचालनाच्या शिक्षणात एक सोपी खूण सांगतात. पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. तेवढे अंतर असले की पुढची गाडी बंद पडली तरी मागे न घेता बाजूने निघता येते. चढावर पुढची गाडी थोडी मागे घसरली तरी धक्का बसत नाही. मागून कोणी आदळलेच, तर तो आघात सहसा पुढच्या गाडीपर्यंत पोहोचत नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. जवळ उभे राहिले तर लवकर सुटता येते, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा मोटारी सिग्नलवर रांगेत उभ्या केल्या, त्यांच्यातील अंतर क्रमाक्रमाने वाढवले आणि वरून ड्रोनने चित्रण केले. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. अंतर सुमारे पंचवीस फुटांपर्यंत वाढवले तरी रांग सुटायला लागणाऱ्या वेळात फारसा फरक पडला नाही. कारण सरळ आहे. खेटून उभा असलेला चालक हिरवा दिवा लागताच निघू शकत नाही. पुढे सुरक्षित अंतर पडेपर्यंत त्याला थांबावेच लागते. अर्थात आपल्या गजबजलेल्या रस्त्यांवर पंचवीस फूट सोडले, तर रांगेचे शेपूट मागच्या चौकात जाईल. म्हणून चाके दिसण्याइतके अंतर पुरे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. जागा सोडली की तिथे कोणीतरी घुसतो. होय, घुसतो, आणि काही काळ घुसत राहील. पण त्यात सोडणाऱ्याचे गेले किती? चार-सहा फूट. आणि घुसणाऱ्यांत आपलीच दुचाकी तर नसते ना, हेही प्रत्येकाने प्रामाणिकपणे तपासावे.

संघस्थानावर अग्रेसर उभा राहिला की त्याच्यामागे स्वयंसेवक एका हाताचे अंतर ठेवून उभे राहतात. मधली जागा रिकामी दिसते म्हणून तिथे कोणी शिरत नाही. तेथे पोलीस नसतो, दंडाची पावती नसते. सवयीने अंगी बाणलेला तो संस्कार असतो. मैदानावर पाळलेले हे अंतर घरी परतताना पहिल्याच चौकात विसरले, तर तो संस्कार अपुरा राहिला असेच म्हणावे लागेल.

शताब्दीच्या निमित्ताने संघाने समाजापुढे पंच परिवर्तनाचे सूत्र मांडले. नागरिक कर्तव्य हे त्यातील एक. त्याचा आरंभ करायला सभा नको, निधी नको. उद्या सकाळी कामावर निघताना थांबरेषेच्या आत थांबावे आणि पुढच्या गाडीची चाके दिसतील इतके अंतर ठेवावे. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्यावा. मागच्या आसनावरचे आपले मूल हे सारे पाहत असते. आणखी दहा-पंधरा वर्षांनी तेच चालकाच्या जागेवर बसणार आहे, आणि त्याच्या मागे अडकलेल्या रुग्णवाहिकेत तेव्हा कोण असेल, हे आज कोणालाच ठाऊक नाही.