हजेरीपटावरचे खेळाडू



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची विद्या कारखान्याच्या दाराशी आणि सार्वजनिक वाचनालयात मिळाली. तेव्हा आजच्या विषयावर आम्ही डॉक्टरांच्या अधिकाराने बोलणार नाही; कामगारांच्या बाजूचा एक माणूस म्हणून बोलू.

सकाळी आम्ही तुमच्या लोणार सरोवराच्या काठावर उभे होतो. फार फार वर्षांपूर्वी आकाशातून एक धोंडा आला, काळ्या कातळावर एकदाच आदळला आणि सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे विवर करून गेला. असा घाव कुणालाही दिसतो. पण हजारो हलके घाव एकाच जागी बसले आणि वर खरचटलेसुद्धा नाही, तर त्याची दाद कोणी घ्यावी? आज त्या घावांविषयी बोलायचे आहे.

मुंबईत एके काळी कंपन्यांचे फुटबॉल-संघ नावाजलेले होते. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स. शिवाय रेल्वेचे संघ. रोव्हर्स चषकाच्या सामन्यांना कूपरेजवर गर्दी लोटे. खेळाडूचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असे. चेंडू खेळणे हीच त्याची पाळी.

अशाच एका जुन्या खेळाडूच्या खोलीवर आम्ही पेन्शनचा हयातीचा दाखला भरायला गेलो होतो. कंपनी कोणती, ते राहू द्या. गडी बचावफळीतला, उंचावरून आलेला चेंडू डोक्याने परतवण्यात त्याचे नाव होते. आम्ही नाव विचारले, तर तो हसून बायकोकडे पाहू लागला. सहीसाठी पेन दिले, ते त्याने खिशाला लावले आणि म्हणाला, “चला, मैदानावर उशीर होतोय.” वहिनी म्हणाल्या, “दाराला आतून कुलूप लावते हो. नाहीतर निघून जातात.” शेवटी अंगठा घेतला. माणूस हयात असल्याचे कागदावर सिद्ध झाले. पण त्याच्यातले जे गेले, ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

त्याचा आजार खेळानेच आला, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. आयुष्यात चेंडूला न शिवलेल्यांनाही स्मृतिभ्रंश होतो. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले. त्या संघाचे कर्णधार समर बॅनर्जी 2022 साली वारले, तेव्हा त्यांना अल्झायमर होता. त्याच संघातले, ईस्टर्न रेल्वेचे पी. के. बॅनर्जी 2020 साली गेले. त्यांनाही स्मृतिभ्रंशाने गाठले होते. एकेका माणसाचे कारण सांगता येत नाही. पण हजारोंचा हिशेब मांडला की आकडे बोलू लागतात.

ग्लासगोच्या डॉक्टरांनी तो हिशेब 2019 साली मांडला. स्कॉटलंडचे 7,676 माजी धंदेवाईक खेळाडू एका बाजूला, सुमारे 23,000 इतर माणसे दुसऱ्या बाजूला. मेंदू झिजवणाऱ्या रोगांनी होणारे मृत्यू खेळाडूंत साडेतीनपट निघाले. पुढे 2021 साली जागांप्रमाणे पाहिले, तेव्हा बचावपटूंत धोका सुमारे पाचपट होता. चेंडू हातांनी अडवणाऱ्या गोलरक्षकांत मात्र तो इतर माणसांएवढाच. हे सांगितले पाहिजे की हृदयविकाराचे मृत्यू खेळाडूंत कमी होते. खेळ वाईट नाही. मेंदू कवटीत पाण्यावर तरंगतो. दर दणक्याला तो हिंदकळतो, त्याचे बारीक तंतू ताणतात आणि वर्षांमागून वर्षे आत टाऊ नावाचे प्रथिन साचत जाते. या विकाराचे पक्के निदान मृत्यूनंतरच होते.

इंग्लंडात जेफ ॲस्टल नावाचा गाजलेला खेळाडू 2002 साली वयाच्या 59 व्या वर्षी वारला. चौकशी करणाऱ्या कॉरोनरने निकाल दिला, की मृत्यूचे कारण धंद्यातून आलेला रोग. मंडळी, हा शब्द आमच्या ओळखीचा आहे! आपल्याकडे 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने असा रोग अपघाताच्या बरोबरीने धरला आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व आहे. शिशाची विषबाधा यादीत आहे, सिलिकोसिस आहे. खेळाडूच्या मेंदूचा हा रोग त्या यादीत नाही. सिलिकोसिसवाला निदान खोकतो तरी. हा माणूस आपली तक्रारच विसरतो. म्हणून ती आपण लक्षात ठेवली पाहिजे.

आमचे मागणे तीन गोष्टींचे. संघटनांनी आपल्या जुन्या खेळाडूंची नावे, जागा आणि खेळलेली वर्षे लिहून काढावीत. नोंदीवाचून दावा उभा राहत नाही. घरात सांभाळणाऱ्या बाईचे श्रम हेही श्रमच आहेत, हे मान्य व्हावे. आणि तुमच्या मैदानावरच्या लहान मुलांना डोक्याने चेंडू मारायला लावू नये. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते 2015 सालीच बंद ठरवले. डोक्याला मार बसलेल्या पोराला त्या दिवशी पुन्हा खेळात उतरवू नका, मग सामना हरला तरी चालेल.

त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा वहिनींनी बाहेरच्या बाजूने दार ओढून घ्यायला सांगितले. आत कुलूप फिरल्याचा आवाज आला. पेन त्याच्या खिशालाच राहिले.